‘द सबर्ब्ज’ कसा ऐकावा: एका रॉक अल्बममधील आठवणींचा माग

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत आणि त्या दोघांचे एकमेकांशी फारसे जमत नाही. ‘स्मरणरंजन’ म्हटले की आठवणींत रमण्याचे सुख पुढे येते. ‘गतकातरता’ म्हटले की जे गेले त्याविषयीची जिवाची तगमग पुढे येते. मूळ शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडवला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले होते आणि घरापासून दूर राहिलेल्यांना जडणाऱ्या विकाराचे ते नाव होते, म्हणजे त्यात रंजन नव्हतेच. आर्केड फायर या कॅनडातील बँडचा ‘द सबर्ब्ज’ हा अल्बम ऐकायला बसताना हे दोन्ही मराठी शब्द हाताशी ठेवावेत, कारण बहुतेक श्रोते तो स्मरणरंजनाच्या अपेक्षेने लावतात, दोन-तीन गाण्यांनंतर त्याची सुरेल बाजू तेवढी उचलतात आणि उरलेला भाग लांबलेला आहे अशी तक्रार करतात. माझ्या मते त्या उरलेल्या भागातच या अल्बमचे खरे काम चालते. तेथे आठवण नुसती सांगितली जात नाही, तर ती पुन्हा पुन्हा उचलून खरी आहे का हे पाहिले जाते. ते काम कानाला कसे दिसेल, याची एक पद्धत पुढे मांडली आहे.

बसण्यापूर्वी जाणून घ्यावे असे थोडे

विन बटलर आणि रेजीन शासान्य हे मॉन्ट्रियलच्या या बँडचे दोन प्रमुख आवाज. विनचा धाकटा भाऊ विल हाही या अल्बमच्या वेळी बँडमध्ये होता. ‘द सबर्ब्ज’ हा त्यांचा तिसरा अल्बम ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत तो मर्ज रेकॉर्ड्स या नॉर्थ कॅरोलिनातील स्वतंत्र कंपनीने काढला. ‘इंडी’ या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, की बड्या कंपन्यांच्या व्यवस्थेबाहेर राहून संगीत काढणे. अशा कंपनीचा हा अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत थेट पहिल्या स्थानावर आला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एमिनेम, लेडी गागा, केटी पेरी यांच्या अल्बमना मागे टाकून वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार घेऊन गेला. ऐकण्याच्या कामी ही माहिती येत नाही, म्हणून ती येथेच सोडतो.

कामी येणारी गोष्ट वेगळी आहे. बटलर बंधू वाढले ते टेक्सासमध्ये, ह्यूस्टन शहराच्या उत्तरेला वसवलेल्या ‘द वुडलंड्स’ या वसाहतीत. विनने मुलाखतींत सांगितले आहे की लहानपणच्या एका मित्राचे त्याला पत्र आले, त्यासोबत एक छायाचित्र होते आणि त्या छायाचित्रात तो मित्र, पूर्वी ते राहत असत तेथल्या जवळच्या मॉलमध्ये, आपल्या लहान मुलीला घेऊन उभा होता. ओळखीची जागा आणि त्या जागेत बाप झालेला मित्र, असे दोन्ही एकदम समोर आल्यावर विन ते गाव जमेल तेवढे आठवून पाहू लागला आणि अल्बमची सुरुवात तेथून झाली. हा अल्बम म्हणजे सबर्बला लिहिलेले प्रेमपत्र नव्हे आणि आरोपपत्रही नव्हे, ते सबर्बमधून आलेले पत्र आहे, अशा आशयाचे त्याचे एक विधानही प्रसिद्ध आहे. पत्र हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तो पुढे गाण्यांत येणार आहे.

येथे मराठी श्रोत्याने एक दक्षता घ्यावी. ‘सबर्ब’चे भाषांतर मनातल्या मनात ‘उपनगर’ असे केले की लगेच घोटाळा होतो. आपल्याकडे उपनगर म्हटले की लोकलची गर्दी, स्थानकाबाहेरचे भाजीवाले, इमारतीखालचा वाणी आणि जिन्यात भेटणारे शेजारी डोळ्यांपुढे येतात. उपनगर म्हणजे दाटी. अमेरिकेतील सबर्ब म्हणजे विरळपणा. स्वतंत्र घरे, प्रत्येकापुढे हिरवळ आणि गाडी उभी करण्याची जागा, दुकाने एका टोकाला मॉलमध्ये एकवटलेली, आणि गाडीशिवाय कोठेही जाणे कठीण. द वुडलंड्स ही तर आधी कागदावर आखून, जॉर्ज मिचेल या तेल आणि वायू क्षेत्रातील उद्योजकाने पाइनच्या झाडीत वसवलेली वसाहत होती आणि तिची सुरुवात १९७४ ची. अशा ठिकाणी सोळाव्या वर्षी मिळणारा वाहन परवाना हा मुलाच्या आयुष्यातील मोठा टप्पा असतो, कारण तोपर्यंत त्याचे जग आईच्या गाडीची किल्ली कोणाकडे आहे यावर ठरते. अल्बमच्या पहिल्याच ओळीत गाडी चालवायला शिकण्याचा उल्लेख का आहे आणि त्यानंतर लगेच आईची किल्ली का मागितली जाते, हे त्यामुळे उमगते.

मांडणी आणि वेळ

अल्बममध्ये १६ गाणी आहेत आणि एकूण लांबी सुमारे ६४ मिनिटे आहे. तासाहून थोडा जास्त असा हा वेळ एकसंध काढता येईल असा दिवस निवडावा आणि शक्यतो संध्याकाळ निवडावी. यामागे काव्य नाही, तर अल्बमच्या मध्यावरची जोडगाणी संधिप्रकाशाविषयी आहेत आणि शेवटाकडची अंधारातली आहेत, एवढाच व्यवहार आहे. ॲपमधील गाण्यांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय बंद करावी. दोन गाण्यांच्या कडा एकमेकांत मिसळणारी सोयही बंद करावी, कारण काही ठिकाणी बँडने स्वतःच गाणी एकमेकांना जोडून ठेवली आहेत आणि यंत्राने त्यात आपली भर घातली की सांधा कोणाचा हे कळेनासे होते. मी पहिल्यांदा हा अल्बम क्रम बदललेल्या अवस्थेत ऐकला होता. शेवटचे गाणे चौथ्या क्रमांकावर आले आणि ते अर्धवट काहीतरी असावे अशा समजुतीने मी ते पुढे ढकलले. त्यामुळे अल्बम हाती लागायला मला आणखी काही महिने लागले.

पहिल्या बैठकीत गीतांचे शब्द समोर घेऊ नयेत. इंग्रजी रॉक ऐकताना आपल्यापैकी अनेकांना छापील शब्दांशिवाय चुकल्यासारखे होते हे खरे, परंतु या अल्बममध्ये काही वाक्ये इतक्या वेळा परत येतात की ती न वाचताही ओळखीची होतात, आणि ती ओळख पटण्याचा क्षण कागदाने हिरावून घेऊ नये. हेडफोन चालतील, पण खोलीत वाजणारे स्पीकर असतील तर ते बरे. एक तांत्रिक बाब येथे सांगण्यासारखी आहे: डिजिटल प्रत तयार करण्यापूर्वी गाणी लॅकरच्या बारा इंची तबकडीवर कापून घेतली आणि ती वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली गेली. म्हणजे फोनवर ऐकू येणाऱ्या फाइलमध्येही एका तबकडीचा मुक्काम होऊन गेलेला आहे.

पहिली बैठक

सोळा गाण्यांचे चार-चारांचे चार टप्पे मनाशी करावेत. ही विभागणी माझी आहे, बँडची नव्हे, पण ती सोयीची आहे.

पहिल्या टप्प्यातील शीर्षकगीताला सर्वाधिक लक्ष द्यावे. पियानोचा दुडका ठेका ऐकून ते आनंदी गाणे आहे असे वाटते आणि येथेच पहिला चकवा आहे. शब्दांत मुले अंगणात ओरडत धावताहेत, पण त्याच गाण्यात बॉम्ब पडताहेत आणि ते पडेपर्यंत मुलांना कंटाळा आलेला आहे. मैत्रिणीने किंवा मित्राने कधीतरी वर्तवले होते की एक दिवस आपण या घरांच्या वस्तीत लढत असू. ते भाकीत आता आठवले जाते. पाठोपाठ गायक भविष्यात उडी घेतो: आपण तरुण आहोत तोवर एक मुलगी व्हावी, सगळे बिघडण्यापूर्वी तिला काही सुंदर दाखवता यावे, अशी त्याची इच्छा आहे. मित्राच्या त्या छायाचित्राशी ही ओळ जोडून पाहण्याचा मोह आवरत नाही. आणि त्याच गाण्यात सत्तरच्या दशकात बांधलेली घरे आणि भिंती अखेर कोसळतात. वसाहतीची सुरुवात १९७४ ची, हे मघाशी सांगितले ते या ओळीसाठी. आपल्या मनात लहानपणचे घर अनादी असते. येथे त्या घराला बांधकामाचे दशक आहे आणि म्हणून त्याला अंतही आहे. तीन काळ एका साध्या चालीत इतक्या सहजतेने फिरतात की पहिल्या ऐकण्यात ते फिरले हेच कळत नाही. कळले नाही तर बिघडत नाही. शेवटी गायक म्हणतो की ती भावना आता मागे पडत चालली आहे आणि त्यावर विश्वास बसत नाही, एवढे फक्त कानात ठेवावे.

‘मॉडर्न मॅन’मध्ये हिंदुस्थानी संगीताचा कान असलेल्यांनी मात्रा मोजून पाहाव्यात. ठेका मुद्दाम अडखळवला आहे, सम जेथे यावी असे वाटते तेथे ती येत नाही. रांगेत उभे राहून आपला क्रमांक येण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे, त्यामुळे ही अडखळ शोभते. ‘रेडी टू स्टार्ट’ दणदणीत आहे, समजावून सांगण्याची गरज नाही. ‘रोकोको’ मला आजही थोडे उपरोधाच्या आहारी गेलेले वाटते. शहरातील तरुणांनी स्वतःला न कळणारे मोठे शब्द वापरणे, एवढ्याच टोल्यावर ते फार वेळ उभे आहे.

दुसऱ्या टप्प्यात ‘एम्प्टी रूम’च्या व्हायोलिनचा वेग आणि शासान्यचा आवाज एकमेकांवर आदळतात. ‘सिटी विथ नो चिल्ड्रन’ हे नाव विचार करण्यासारखे आहे, कारण पहिल्या गाण्यात मुलेच मुले होती आणि सहाव्या गाण्यात मुलांविना शहर आले. यानंतरची ‘हाफ लाइट’ची दोन गाणी सलग ऐकावीत. पहिल्यात तंतुवाद्यांच्या गालिच्यावर संधिप्रकाशात घराबाहेर पडलेली मुले आहेत. दुसऱ्यात सिंथेसायझर आहे, मोठी झालेली माणसे आहेत, दूरची शहरे आहेत, बाजार कोसळल्याची बातमी आहे. एकच नाव घेऊन दोन वये समोरासमोर ठेवली आहेत.

तिसरा टप्पा ‘सबर्बन वॉर’ने उघडतो आणि येथे बैठकीतील पहिला धक्का बसावा. गाणे संथ आहे, गिटारचा एकच आकृतिबंध फिरतो आहे आणि अचानक पहिल्या गाण्यातील गाडी, ते भाकीत आणि आईची किल्ली जवळजवळ त्याच शब्दांत परत येतात. चाल मात्र वेगळी आहे. पहिल्या गाण्यात हे सारे खेळकर होते. येथे त्याला अर्थ आला आहे: संगीताच्या आवडीवरून मित्रांचे कळप झाले, तू केस वाढवलेस म्हणून मीही वाढवले, आणि आता जुने मित्र ओळख देत नाहीत. आठवण तीच, प्रसंग तोच, आणि तरी ती दुसऱ्यांदा सांगताना माणूस बदललेला आहे. सात गाण्यांचे अंतर मध्ये नसते तर हा परिणाम झाला नसता. क्रम पाळण्याचा आग्रह का धरला, त्याचे उत्तर येथे मिळते.

पुढचे ‘मंथ ऑफ मे’ पंक वळणाचे, गोंगाटी. त्याने कान धुऊन निघतात. ‘वेस्टेड अवर्स’ साधे, खिडकीतून बाहेर पाहत वाया घालवलेल्या उन्हाळ्याचे. मराठीत ‘वेळ वाया घालवणे’ हे नेहमी दोष म्हणून सांगितले जाते. या अल्बममध्ये तो वेळच सर्वांत मौल्यवान ठेव ठरतो, म्हणून या गाण्यातील ‘वाया’ या कल्पनेवर बोट ठेवून ठेवावे.

‘डीप ब्लू’मधील वर्ष

बाराव्या गाण्यासाठी थोडे थांबतो, कारण या अल्बमचा स्वभाव एका आकड्यात पकडता येतो तो येथे. गाण्यात शतकाचा शेवट एका लहानशा पडद्यावर पाहिल्याची आठवण आहे आणि त्यात गॅरी कास्पारोव्ह, आयबीएमचा डीप ब्लू संगणक आणि १९९६ हे वर्ष यांचा उल्लेख येतो. बुद्धिबळाचा इतिहास पाहिला तर फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात झालेल्या सामन्यात कास्पारोव्हने पहिला डाव गमावला खरा, परंतु सामना त्याने ४–२ असा जिंकला. संगणकाने त्याला सामन्यात हरवले ते मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला, ३.५–२.५ अशा गुणांनी. यंत्रापुढे माणूस हरला, असे जगाने ज्या प्रसंगाविषयी म्हटले तो प्रसंग एक वर्ष नंतरचा.

मग गाणे चुकले का? चुकले असेही म्हणता येईल आणि पहिल्या डावाचीच आठवण अभिप्रेत होती असेही म्हणता येईल. त्या डावात जगज्जेता प्रथमच नियमित वेळेच्या डावात यंत्राकडून हरला, तेव्हा तो क्षणही लहान नव्हता. पण वर्ष उच्चारल्यानंतर लगेचच तुझे मन तुझ्याशी खेळ करते आहे, अशा अर्थाची ओळ येते. आठवणीला तारीख लावायची आणि त्याच श्वासात तिच्यावर संशय घ्यायचा, ही या अल्बमची सवय आहे. श्रोत्याने येथे आपल्याही एखाद्या पक्क्या आठवणीचे वर्ष तपासून पाहावे. मी तपासले, तेव्हा विश्वचषकाचा एक सामना ज्या घरात बसून पाहिल्याचे मला स्वच्छ आठवत होते, त्या घरात आम्ही त्या वर्षी राहायलाच आलो नव्हतो.

शेवटचा टप्पा

‘वी यूज्ड टू वेट’मध्ये पियानोचे तेच तेच स्वर ठोकले जातात आणि गायक हाताने पत्र लिहिण्याच्या दिवसांविषयी बोलतो. पूर्वी पत्रे लिहीत असू आणि त्यांची वाट पाहत असू. आता वाट पाहणे राहिले नाही. हे गाणे म्हणजे ‘पूर्वीचे दिवस चांगले’ या जातीची तक्रार आहे असे पहिल्यांदा वाटते. नीट ऐकल्यास लक्षात येते की काही पत्रे कधी आलीच नाहीत, आणि तरीही वाट पाहण्याच्या त्या क्षमतेसाठी गायक हळहळतो आहे. सहाव्या गाण्यातही एका उन्हाळ्यात हात मोडलेला असताना पत्राची वाट पाहिल्याचा उल्लेख येऊन गेला होता. तो कानावरून गेला असेल तर दुसऱ्या बैठकीत सापडेल.

यानंतर ‘स्प्रॉल’ची जोडी. ‘स्प्रॉल’ म्हणजे शहराचे अस्ताव्यस्त पसरत जाणे. मराठीत याला ‘पसारा’ हा शब्द मला चपखल वाटतो, कारण पसाऱ्यात वस्तू हरवते. पहिल्या भागात गायक गाडी घेऊन जुने घर शोधायला जातो आणि अंधारात घराचा क्रमांकच वाचता येत नाही. पुन्हा कधीतरी पाहू म्हणून तो परत फिरतो. पूर्वी खेळायच्या जागा शोधायला जातो, तो आयुष्यातील सर्वांत एकाकी दिवस ठरतो. मग पोलीस येतात आणि त्यांच्या दिव्याचा प्रकाश सायकलींच्या परावर्तकांवर पडतो. गाडीत बसून आलेला मोठा माणूस सायकलीवरचे मूल केव्हा झाला, हे गाणे सांगत नाही. कोठे राहता, असा साधा प्रश्न पोलीस विचारतात आणि त्या उत्तराच्या शोधात आपण जगभर फिरलो, असे उत्तर येते. संगीत अतिशय संथ आहे, जवळजवळ एकट्या आवाजावर उभे आहे. या गाण्याच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा.

दुसऱ्या भागात शासान्य गाते आणि ठेका थेट डिस्कोचा. नाचावेसे वाटेल इतका तो मोकळा आहे. शब्द मात्र काम मुकाट्याने करण्याची ताकीद मिळालेल्या, गाणे थांबवायला सांगितलेल्या मुलीचे आहेत. बंद पडलेले मॉल एकामागून एक डोंगरांसारखे उभे आहेत आणि तिला दिवे विझवून हवे आहेत, तिला अंधार हवा आहे. शासान्यचे आई-वडील हैतीहून कॅनडात आलेले आणि ती स्वतः मॉन्ट्रियललगतच्या सेंट-लॅम्बर्ट या उपनगरात वाढली, हे ठाऊक असेल तर टेक्सासच्या आठवणींच्या अल्बममध्ये हा दुसरा आवाज पाहुणा राहत नाही. पहिल्या भागात अंधाराने घर लपवले होते. दुसऱ्या भागात तोच अंधार मुलीला हवा आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकल्याशिवाय हे कळत नाही, आणि अनेक ठिकाणी हे दुसरे गाणे एकटेच वाजवले जाते याचे मला वाईट वाटते.

सोळावे गाणे दीड मिनिटाच्या आसपास आहे. ते पुढे ढकलू नये; मी केलेली चूक वर सांगितलीच आहे. पहिल्या गाण्याचाच धागा येथे तंतुवाद्यांवर, दुरून आल्यासारखा, ठेक्याशिवाय परततो. वाया घालवलेला तो सारा वेळ परत मिळाला तर काय करशील, याचे उत्तर गायक देतो: पुन्हा वायाच घालवीन. नंतर ती भावना मागे पडत चालल्याचे वाक्य पुन्हा येते आणि आवाज विरतो. गाणे संपले तरी पुढचे काही आपोआप वाजू लागणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी, अन्यथा ॲप त्याच्या मते जुळणारे दुसरे गाणे लावते आणि तासाभराची मेहनत फुकट जाते.

दुसरी बैठक, कागद घेऊन

दोन-चार दिवस जाऊ द्यावेत. ते जाऊ देणे हा पद्धतीचाच भाग आहे, कारण दुसऱ्या बैठकीपूर्वी श्रोत्याला अल्बम ‘आठवला’ पाहिजे. ऐकण्याआधी कागदावर आठवतील ती वाक्ये, प्रतिमा आणि चालींचे वर्णन लिहून काढावे. कोणते गाणे कोणत्या क्रमांकावर होते, कोणत्या गाण्यात पत्र होते, मुले कोठे होती. मग शब्द समोर घेऊन पूर्ण अल्बम ऐकावा आणि आपला कागद तपासावा. माझ्या कागदावर ‘सबर्बन वॉर’ आणि शीर्षकगीत मिसळून एकच गाणे झाले होते. आणखी एका मित्राने सायकलींचा प्रसंग ‘हाफ लाइट’मध्ये नेऊन ठेवला होता. या चुका लाजण्यासारख्या नाहीत. अल्बमची रचना त्या घडाव्यात अशीच आहे.

शब्द वाचताना परत येणाऱ्या गोष्टींखाली खुणा कराव्यात: गाडी आणि किल्ली, मुले, वाट पाहणे, पत्र, वाया गेलेला वेळ, दिवे आणि अंधार. सगळ्या खुणा भरण्याचा हट्ट धरू नये. त्यापेक्षा क्रियापदांचे काळ पाहावेत. कोठे साधा भूतकाळ आहे, कोठे ‘करत असू’ असा सवयीचा भूतकाळ आहे आणि कोठे वर्तमानकाळ मध्येच घुसतो, हे मराठी श्रोत्याला इंग्रजी मातृभाषा असलेल्यापेक्षा कदाचित लवकर जाणवेल, कारण इंग्रजीतील सवयीचा भूतकाळ मनात मराठीत आणताना ‘असू’, ‘असे’, ‘असायचो’ यांतून निवड करावी लागते आणि ती निवड करताना हे एकदा घडले की रोज घडत असे, हा प्रश्न टाळता येत नाही. ‘वी यूज्ड टू वेट’ हे शीर्षकच मराठीत आणून पाहावे. ‘आम्ही वाट पाहत असू’ आणि ‘आम्ही वाट पाहायचो’ यांत किती अंतर आहे, याचा विचार करण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

सोबतची दोन कामे

अल्बमशी संबंधित दोन गोष्टी आहेत, त्या दुसऱ्या बैठकीनंतरच पाहाव्यात. पहिली म्हणजे स्पाइक जोन्झ याने दिग्दर्शित केलेला ‘सीन्स फ्रॉम द सबर्ब्ज’ हा २०११ चा लघुपट, जो जोन्झ आणि बटलर बंधूंनी मिळून लिहिला. त्यात अशाच वस्तीतील किशोरवयीन मित्र सायकलींवर भटकतात आणि आजूबाजूला शस्त्रधारी सैनिक आहेत. कथा सांगणाऱ्याला मात्र सैन्य फारसे आठवत नाही, मित्र आठवतात, आणि आपल्याला हेच क्षण का आठवतात असा प्रश्न त्याला पडतो. लघुपट आधी पाहिला तर अल्बमला चेहरे मिळतात आणि मग ते चेहरे हटत नाहीत, म्हणून तो नंतर.

दुसरी म्हणजे ‘वी यूज्ड टू वेट’साठी ख्रिस मिल्क याने गूगलच्या सहकार्याने २०१० मध्ये केलेले ‘द वाइल्डरनेस डाउनटाउन’ हे ब्राउझरमध्ये चालणारे चित्रण. ते सुरू करताना प्रेक्षकाला तो लहानाचा मोठा झाला त्या घराचा पत्ता विचारला जात असे आणि गाणे चालू असताना पडद्यावर अनेक खिडक्या उघडून, धावणाऱ्या एका आकृतीबरोबर, गूगलचा नकाशा आणि रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे दाखवणारी त्यातील ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सोय यांमधून त्याच घराचा परिसर दाखवला जाई. शेवटी लहानपणच्या स्वतःला उद्देशून पत्र लिहायचे असे. भारतातील प्रेक्षकाची तेव्हा एक गंमत होत असे: स्ट्रीट व्ह्यू आपल्या शहरांत जुलै २०२२ मध्ये व्यापक प्रमाणात आले, त्या पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. त्यामुळे २०१० मध्ये ज्याने सदाशिव पेठेचा किंवा कॉलेज रोडचा पत्ता घातला असेल त्याला रस्त्यावरून दिसणारे घर मिळाले नसेल. आकाशातून घेतलेले छत तेवढे मिळाले असेल. ‘स्प्रॉल’च्या पहिल्या भागात गायकाला घराचा क्रमांक वाचता आला नाही, त्याच्या हे फार जवळचे आहे.

आज तेच काम श्रोत्याला स्वतः करता येते. नकाशाच्या ॲपमध्ये जुन्या घराचा पत्ता घालावा, तेराव्या गाण्यापासून अल्बम सुरू करावा आणि चौदावे गाणे संपेपर्यंत त्या रस्त्यावरून बोटाने पुढे-मागे फिरावे. घर पाडून तेथे नवी इमारत झाली असेल तर बोट तेथेच थांबवावे, पंधरावे गाणे लागू द्यावे आणि फोन उलटा ठेवून द्यावा. ज्यांना यानंतर बँडचे आणखी काही ऐकायचे असेल त्यांनी २००४ चा ‘फ्युनरल’ हा पहिला अल्बम घ्यावा. त्यात ‘नेबरहुड’ याच नावाची, क्रमांक दिलेली चार गाणी आहेत. तेथे आळी बर्फाखाली गाडली गेलेली आहे आणि मुले एकमेकांकडे जायला भुयार खणत आहेत. ‘द सबर्ब्ज’मध्ये गाडीची किल्ली मागणारी ती हीच मुले असावीत, असे मला दरवेळी वाटते.